वाचनेकडून पृच्छनेकडे : महाविद्यालयीन वर्गातील अध्यापन आणि अध्ययन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



शिक्षणकार्याचा आढावा घेताना इमारती, ग्रंथालये, वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि शिष्यवृत्त्या यांची मोजदाद होते, आणि ती योग्यच आहे. परंतु या साऱ्या दानाचे सार्थक होते की नाही, हे शेवटी वर्गातच ठरते. अनेक महाविद्यालयांत तास ४८ मिनिटांचा असतो. म्हणजे एका सामायिकाएवढा वेळ. या ४८ मिनिटांत प्राध्यापक काय बोलले याची नोंद टाचणवहीत होते. विद्यार्थ्याच्या मनात काय घडले याची नोंद मात्र कोठेच होत नाही. आजचा विषय त्या न झालेल्या नोंदीचा आहे.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. ज्यांच्या घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा मुलांसाठी त्यांनी दार उघडले. त्या दारातून आत आलेला विद्यार्थी बाकावर बसल्यावर खरोखर शिकतो का, हा पुढच्या पिढ्यांनी सोडवावयाचा प्रश्न आहे. प्रवेश मिळूनही जो मागच्या बाकावर मुकाट बसून नापास होतो, त्याच्यासाठी ते दार अर्धेच उघडलेले राहते.

एका प्राध्यापकाचा अनुभव

या प्रश्नावर फार मोलाचा प्रकाश टाकणारे उदाहरण साधनांची वानवा असलेल्या संस्थेतील नाही. ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील आहे. एरिक माझुर हे तेथे १९८४ पासून भौतिकशास्त्र शिकवीत होते. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतील गुणही चांगले येत. सारे काही उत्तम चालले आहे अशीच त्यांची समजूत होती. १९९० च्या सुमारास हलून आणि हेस्टेनीस या संशोधकांचे लेखन त्यांच्या वाचनात आले. गणिते सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बल आणि गती यांच्या मूळ कल्पना उमगलेल्या नसतात, असा त्या संशोधनाचा निष्कर्ष होता. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत असे असणे शक्य नाही, या विश्वासाने माझुर यांनी तीच चाचणी आपल्या वर्गात घेतली.

अशा चाचण्यांतील प्रश्न अगदी साधे असतात. एक अवजड मालमोटार आणि एक लहान मोटार समोरासमोर धडकल्या, तर कोणाचे कोणावर अधिक बल लागते? न्यूटनचा तिसरा नियम पाठ असणारा विद्यार्थीही 'मालमोटारीचे' असे उत्तर देऊन मोकळा होतो. वास्तविक दोन्ही बले समान असतात. लहान मोटारीचे वस्तुमान कमी असल्यामुळे तिच्या गतीत होणारा बदल मोठा असतो, इतकेच. माझुर यांच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तर त्यांनाच विचारले, की ही उत्तरे तुम्ही शिकविल्याप्रमाणे लिहावयाची की एरवी विचार करतो त्याप्रमाणे? त्या एका प्रश्नात पारंपरिक अध्यापनाचे सारे अपयश सामावले होते. शिकविलेले ज्ञान परीक्षेपुरते एका कप्प्यात राहिले होते आणि विद्यार्थ्याची जुनी समजूत दुसऱ्या कप्प्यात सुखरूप होती. चाचणीचा निकालही निराशाजनक लागला.

माझुर यांनी दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारला नाही. त्यांनी तासाची रचनाच बदलली. थोडा वेळ एक कल्पना समजावून द्यावयाची आणि मग तिच्यावर एक पर्यायी प्रश्न विचारावयाचा. प्रत्येक विद्यार्थ्याने मिनिटभर स्वतः विचार करून आपले उत्तर निश्चित करावयाचे व ते दर्शवावयाचे. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर आली, तर ज्याचे उत्तर वेगळे आहे अशा शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करावयाचा, पुन्हा उत्तर द्यावयाचे, आणि त्यानंतर प्राध्यापकांनी उलगडा करावयाचा. फारच थोड्यांना उत्तर आले तर ती कल्पना पुन्हा शिकवावी लागते. जवळजवळ सर्वांना आले तर पुढे जाता येते. या पद्धतीला सहाध्यायी-अध्यापन म्हणता येईल. तिचे विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला.

शेजाऱ्याचे म्हणणे प्राध्यापकांच्या म्हणण्यापेक्षा अनेकदा लवकर का पटते? ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला ती न कळण्याची अडचणही ताजी आठवत असते. वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या विद्वानाला मात्र नवख्या माणसाचे पाऊल कोठे अडखळते याचा विसर पडलेला असतो.

पुराव्याची साक्ष

हा एका व्यक्तीचा उत्साह असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. आरंभी जे येत नव्हते, त्यापैकी केवळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के आत्मसात झाले. विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करावयास लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. पुढे २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यास तपासले. व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. म्हणजे शंभरांमागे बारा विद्यार्थी. त्या बारा घरांच्या दृष्टीने हा केवळ आकडा नव्हे.

याच्याशी निगडित आणखी एक गोष्ट विसरण्याची. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहता पुनर्वाचन करणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के गोष्टी स्मरणात होत्या, तर पुनर्वाचन करणाऱ्यांच्या ४२ टक्केच. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचणाऱ्याला सारे येते असे का वाटते आणि महिन्याभरात ते का विरून जाते, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

स्वाध्यायाचा जुना विचार

श्रोत्यांना यात काही ओळखीचे वाटणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाठ घेणे, शंका विचारणे, मनन करणे, आवृत्ती करणे आणि दुसऱ्यास सांगणे. हे विवेचन धर्मशास्त्राच्या अध्ययनासंबंधी आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग करणे योग्य होणार नाही. तथापि पाठ घेणे ही अध्ययनाची केवळ पहिली पायरी आहे, ही जाण त्यात स्पष्ट आहे. महाविद्यालयाच्या वर्गात पुष्कळदा एकटी वाचनाच उरते. पुढील चार पायऱ्या विद्यार्थ्याने घरी कशाबशा चढाव्यात अशी अपेक्षा असते. ज्याच्या घरी सांगणारे कोणी आहे तो चढतो. ज्याच्या घरी नाही, तो पहिल्याच पायरीवर राहतो.

शंका आणि समाधान

यावर प्राध्यापकांच्या शंका रास्त आहेत. अभ्यासक्रम पुरा कसा होणार? काही वर्णनात्मक भाग विद्यार्थ्यांनी आधी वाचून यावा लागेल, हे खरे. परंतु प्राध्यापकांनी 'पुरा केलेला' आणि विद्यार्थ्यांच्या पदरी न पडलेला अभ्यासक्रम पुरा झाला असे म्हणता येत नाही. शंभर-सव्वाशेच्या वर्गात हे जमेल का? माझुर यांचा वर्गही मोठाच होता. आणि अ, ब, क, ड लिहिलेले पुठ्ठ्याचे चार तुकडे प्रत्येकाच्या हाती असले तरी पुरते. दोघांनाही उत्तर येत नसेल तर चर्चेतून काय निघणार? कोलोरॅडो विद्यापीठातील २००९ च्या अभ्यासात असे दिसले, की गटात आरंभी कोणालाच उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेने समज वाढते.

सर्वांत नाजूक अडचण निराळीच आहे. हार्वर्डमधीलच २०१९ च्या एका अभ्यासात सक्रिय वर्गातील विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, प्रत्यक्षात चाचणीत ते अधिक शिकलेले आढळले. ओघवत्या व्याख्यानात सारे सोपे भासते. स्वतः विचार करताना दमछाक होते आणि ती दमछाक अपयशासारखी वाटते. म्हणून नवी पद्धत सुरू करताना तिचे कारण विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधीच समजावून सांगितले पाहिजे. उत्तम व्याख्यानाचे मोल यामुळे कमी होत नाही. प्रश्नाशी झगडलेल्या मनाला तेच व्याख्यान अधिक भिडते.

मराठी माध्यमातून येऊन विज्ञान इंग्रजीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर शेजाऱ्याशी मराठीत दोन मिनिटे बोलण्याची मुभा हा मोठा आधार आहे. भर वर्गात उभे राहून इंग्रजीत शंका विचारण्याचे धैर्य त्याला नसते. बाकावरच्या मित्राला विचारण्याचे असते.

समाजाचा वाटा

प्रारंभ मोठा असण्याची गरज नाही. प्रत्येक तासाला एक नेमका प्रश्न, तो विचारल्यावर उत्तरासाठी पुरेसा वेळ थांबण्याचा संयम, आणि शेवटची तीन मिनिटे वही मिटून आज काय समजले व काय समजले नाही ते लिहिण्यासाठी. एवढ्याने सुरुवात होते. चांगले प्रश्न तयार करण्यास मात्र वेळ लागतो. एकाच विषयाच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून प्रश्नसंग्रह केला, तर तो वर्षानुवर्षे उपयोगी पडतो.

दानशूर समाजाने इमारतींसाठी हात कधी आखडता घेतला नाही. त्या दानातील लहानसा अंश अशा प्रश्नसंग्रहांसाठी, प्राध्यापकांच्या कार्यशाळांसाठी आणि एकमेकांचे तास पाहण्याच्या उपक्रमासाठी राखता येईल. शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिका पाहिली जाते. त्याच वेळी विद्यार्थ्याला त्याच्या विषयातील एक साधी गोष्ट स्वतःच्या शब्दांत समजावून सांगण्यास प्रेमाने सांगावे. ती त्याला सांगता आली, तर दान सत्कारणी लागले. सांगता आली नाही, तर दोष त्याच्या पदरी न बांधता त्याच्या वर्गाकडे पाहावे.