मुलांची शस्त्रक्रिया आणि प्रतिबंधक औषध

मुलाच्या मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया झाली, म्हणजे घरीं परततांना आईबापांच्या हातीं पुष्कळदां प्रतिजैविकाची बाटली येते. रोग झाल्यावर तो बरा करणें हें या औषधाचें मूळ काम. तो होऊंच नये म्हणून तें देणें ही निराळी गोष्ट असून तिला काळवेळेची मर्यादा आहे.

१९६१ सालीं अमेरिकन शल्यवैद्य जॉन बर्क यांनीं गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविलें कीं, जंतु त्वचेंत शिरतेवेळीं औषध शरीरांत असेल तर त्याचा पुरता गुण येतो. तीन तासांनीं दिल्यास येत नाहीं. म्हणूनच आज छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरांत शिरेंतून एक मात्रा देतात. पुष्कळ शस्त्रक्रियांत तेवढ्यानेंच भागतें.

मग घरच्या बाटलीचें प्रयोजन काय? कांहीं मुलग्यांच्या मूत्रमार्गाचें तोंड टोकाशीं नसून खालच्या बाजूस असतें. तें दुरुस्त केल्यावर कांहीं दिवस आंत बारीक नळी ठेवतात. तिच्या आधारें जंतु आंत चढूं शकतात. म्हणून नळी निघेपर्यंत औषध चालू ठेवावें, असें कांहीं शल्यवैद्य मानतात. इतरांना त्यापासून ठळक लाभ दिसत नाहीं.

दीर्घकाळ औषध दिल्यानें काय साधतें, याचा हिशेब २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांतील मुलें शस्त्रक्रियेचीं नव्हतीं. मूत्र उलट मूत्रपिंडाकडे चढण्याचा दोष त्यांना होता. अशा ६०७ मुलांपैकीं सुमारें निम्म्यांना दोन वर्षें रोज औषध दिलें, बाकीच्यांना तशीच दिसणारी निरौषधी मात्रा. औषधानें पुन्हा संसर्ग होण्याचा धोका निम्म्यावर आला. परंतु मूत्रपिंडावर व्रण पडण्याचें प्रमाण दोहोंकडे जवळजवळ सारखेंच राहिलें. शिवाय औषध चालू असूनहि ज्यांना ई. कोलाय जंतूनें गांठलें, त्यांपैकीं ६३ टक्के मुलांत तो जंतु त्या औषधास जुमानीत नव्हता. दुसऱ्या गटांत हें प्रमाण १९ टक्केच होतें. आज टळलेल्या तापाची किंमत उद्यांच्या तापांत द्यावी लागते, ती अशी.

यावरून औषध टाकून द्यावें असा अर्थ कोणी काढूं नये. तें कशासाठीं आहे, किती दिवसांचें आहे आणि नळी निघाल्यावर थांबवावयाचें कीं नाहीं, हें आईबापांनीं शल्यवैद्यास आधींच विचारावें. सांगितलेली मात्रा परस्पर कमी करूं नये, कीं मुदत वाढवूं नये. उरलेली बाटली पुढच्या तापासाठीं कपाटांत राखून ठेवूं नये. आणि ताप, हुडहुडी किंवा लघवी अडणें यांपैकीं कांहीं दिसल्यास, औषध चालू आहे या भरंवशावर न राहतां मुलाला तत्काळ दाखवावें.