यादीत न लिहिलेली वाकळ

(नेकनूर येथे झालेल्या महिलांच्या बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला इथं कायद्यावर बोलायला बोलावलं आहे. ते मी बोलणारच आहे, पण आधी ही पिशवी बघा. पुढच्या ओळीतून मागं द्या, हातात घेऊन बघा. मी शिकायला बीडला निघाले तेव्हा आईनं ही शिवून दिली. बाहेरचं निळं कापड वडिलांच्या जुन्या सदऱ्याचं आहे. बंद आहेत ते तिच्या इरकलीच्या काठाचे. आतला कप्पा कुणाच्या तरी ओटीत आलेल्या खणाचा. पैसे तिच्या हातात नव्हते, ते मागायला कुणाच्या तरी पुढं उभं राहावं लागलं असतं. कापड मात्र होतं, कारण ते तिनं कुणाला न विचारता साठवलेलं होतं.

तुमच्या प्रत्येकीच्या घरात असं एक बोचकं आहे. कुणाचं माळ्यावर असेल, कुणाचं लग्नातल्या ट्रंकेत. घरधन्याला विचारा, घरात काय काय आहे? तो रान सांगेल, बैल सांगेल, मोटरसायकल सांगेल. बोचकं सांगणार नाही. ते त्याला दिसतच नाही. पण थंडी पडली की अंगावर घ्यायला त्यातूनच निघतं. लेकीला पहिलं बाळ झालं की कुंची आणि दुपटं त्यातूनच निघतं. सासऱ्याची पानाची चंची, पोराचं दप्तर, नणंदेला द्यायचा बटवा, बाजाराची पिशवी, सगळं त्याच गाठोड्यातून.

हे बोचकं भरतं कसं, तेही बघा. नऊवारी लुगडं मधे विरलं की आपण काय करतो? विरलेला भाग काढून टाकायचा, दोन्ही चांगली टोकं जोडून दंड घालायचा आणि पुन्हा नेसायचं. तेही फाटलं की मग बोचक्यात. धोतरं, पोरांचे शाळेचे सदरे, शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्या. आणि ओटीचे खण. एकीनं दिलेला खण आपण दुसरीला देतो, ती तिसरीला देते. न शिवताच तो गावभर फिरतो आणि कधीतरी एकीच्या ट्रंकेत मुक्काम करतो. आता या खोलीत ज्या विधवा बाया बसल्या आहेत, त्यांनी सांगावं: नवरा गेल्यावर तुमच्या ओटीत किती खण पडले? एकही नाही. म्हणजे बाईच्या हाती थोडंफार कापड येण्याची जी एक वाट होती, तीही नवऱ्याच्या जिवावर चालू आणि त्याच्या मरणावर बंद. हळदीकुंकवावर आपण पुष्कळ बोललो आहोत, पण ही बाजू माझ्याही लक्षात उशिरा आली.

आता वाकळ. तुम्हाला मी वाकळ शिवायला शिकवणार नाही, तुमच्याकडून मीच शिकावं. पण ज्या कधी सुई धरत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खाली एक लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या कापडाचे थर, वरून दुसरं लुगडं. सारवलेल्या जमिनीवर चारी कोपऱ्यांना पाटा-वरवंटा, जे जड असेल ते ठेवायचं, म्हणजे सुरकुती पडत नाही. मग कडेपासून धावदोरा धरायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मधे यायचं. टाका बारीक पाहिजे आणि दोरा फार ओढायचा नाही, नाहीतर वाकळ आखडते. मधले थर कुठं जाड कुठं पातळ झाले की निजणाऱ्याच्या पाठीला बरोबर कळतं. माझी आई रोज दुपारी भांडी झाल्यावर आणि गुरांना पाणी दाखवायच्या आधी शिवायला बसायची. एका वाकळेला तिला दीड-दोन महिने जायचे. आणि कुणी आलं की म्हणायची, “काही न्हाई, रिकामीच बसलीय.”

मधे एक गोष्ट बिघडली, तीही सांगते. नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, फाटता फाटत नाहीत, स्वस्त. बायांनी त्या आनंदानं घेतल्या आणि त्यात काही चूक नाही. पण वाकळेत त्या सुईखाली सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि बाळाच्या दुपट्याला तर चालतच नाहीत. सुती लुगडं धुवून धुवून मऊ होतं, तसं हे होत नाही.

आणि जिथं ते सगळ्यात जास्त नडतं, त्या जागेबद्दल आपण बोलत नाही. बोचक्याची वाटणी कशी होते ते आठवा. काठ मजबूत, तो पिशवीच्या बंदाला. पदर चांगला, तो वाकळेच्या वर, दिसायला. मऊ झालेला भाग बाळाला. सगळ्यांना देऊन जो तुकडा कुणाच्याच कामाचा उरत नाही, तो पाळीला. तो आपला. फडावर जाणाऱ्या बायांना हे जास्त माहीत आहे. दसरा-दिवाळीनंतर गाडीत भांडीकुंडी, पोरं आणि वाकळा घालून तुम्ही निघता. कोपीत निजायला, पोरांना गुंडाळायला, दाराला आडोसा करायला वाकळच. आणि पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं 2019 साली देशभर गाजली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली तेव्हा 82 हजारांहून अधिक बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की दंड कापला जातो. (लुगड्याचाही दंड आणि उचलीतला हाही दंड, पण लुगड्याचा दंड जोडतो तरी.) नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसं राबतात आणि कोयता एक मोजला जातो.

मोजण्यावरून आठवलं. सरकारही आपल्याला मोजतं बरं का. रोजगाराची जी राष्ट्रीय नमुना पाहणी होते, तिच्यात प्रत्येक माणसाला कामाचा एक आकडा देतात. जी बाई नुसतं घरकाम करते तिला 92. आणि जी घरकाम करून शिवाय सरपण आणते, चारा आणते, घरासाठी शिवणटिपण करते, तिला 93. म्हणजे तुमच्या वाकळेला सरकारदरबारी स्वतंत्र आकडा आहे! पण पुढं काय? 92 असो की 93, दोघींचा हिशेब ‘श्रमशक्तीच्या बाहेर’. 2019 साली सरकारनंच लोकांच्या वेळेची पाहणी केली. जी माणसं बिनपगारी घरकाम करतात त्यांत बाईचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषाचे 97. पाच तास काम करून बाई कामाच्या बाहेर. माझी आई म्हणायची “रिकामीच बसलीय”, ते असं वरपर्यंत लिहून ठेवलेलं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आली. नाव-गाव सांगत नाही. नवऱ्यानं हाकलून दिलं होतं, अंगावरच्या कपड्यानिशी. आम्ही तिच्या वस्तूंची यादी करायला बसलो, कारण दागिने-भांडी परत मागायची तर यादी लागते. मी विचारत होते, ती सांगत होती. डोरलं, जोडवी, हंडा, कळशी, लोखंडी कपाट. मी खाली रेघ मारली. ती गप्प बसून राहिली आणि मग हळूच म्हणाली, “ताई, वाकळा ऱ्हायल्या की.”

मी म्हणाले, वाकळा कशाला लिहायच्या? त्याला काय किंमत?

हे मी बोलले. वीस वर्षं चळवळीत काम केलेल्या बाईनं. ती म्हणाली, “सात हायेत. मपल्या हातच्या. एक मपल्या मायच्या लुगड्याची हाय, माय गेली आता.” मग तिनं एकेक वाकळ सांगितली. कोणत्या वर्षी शिवली, तेव्हा कोणतं पोर पोटात होतं, वर कोणतं लुगडं, काठ कुठला. हंड्या-कळशीचं तिनं असं काही सांगितलं नव्हतं.

आमच्या ओळखीच्या एका वकिलाला मी यादी दाखवली. तो हसला. म्हणाला, मॅजिस्ट्रेटपुढं गोधड्या मागणार का? तेव्हा मी कायदा पुन्हा काढून वाचला, आणि तो तुम्हालाही ऐकवते. हिंदू वारसा कायदा 1956 चा, त्याचं 14 वं कलम. बाईच्या पूर्ण मालकीचं काय काय, ते त्यात सांगितलं आहे. वारशानं आलेलं, कुणी भेट दिलेलं, विकत घेतलेलं आणि स्वतःच्या कौशल्यानं किंवा मेहनतीनं मिळवलेलं. कौशल्य आणि मेहनत! वाकळेत तिसरं काय असतं? 1985 साली प्रतिभा राणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून ते नवऱ्याचं होत नाही. ते त्याच्याकडं सांभाळायला दिलेलं असतं, आणि परत दिलं नाही तर तो गुन्हा होऊ शकतो. आमच्या मुस्लिम बहिणी विचारतील, आमचं काय? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना आहे. त्याच्या 19 व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट बाईचं स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता तिला परत द्यायला सांगू शकतो. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतो.

पण त्याला यादी लागते. आणि यादी कोण करतं? लग्न ठरताना याद्या होतात तेव्हा पुरुष बसतात, पुरुष लिहितात, पुरुष सह्या करतात. नवरी आत असते. खरं तर 1985 चा नियम वेगळं सांगतो. लग्नात नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनं ठेवायची. वस्तू, अंदाजे किंमत, कुणी दिली आणि देणाऱ्याचं नातं काय, असं लिहून खाली नवरा-नवरी दोघांची सही किंवा अंगठा. तुमच्यापैकी किती जणींकडे अशी यादी आहे? हात वर करा. एकही नाही. नेकनूरच्या बाजारात जनावर विकलं तर त्याची पावती होते. आपण घर सोडून घरात येतो, त्याचा कागद आपल्याकडे नाही.

म्हणून माझं सांगणं इतकंच आहे की यादी करा, आणि लग्नाच्या दिवशी थांबवू नका. जे जे हातानं केलं ते तिच्यात भर घालत जा. वाकळ शिवून झाली की मागच्या बाजूला एका कोपऱ्यात दोऱ्यानं आपलं नाव घाला. लिहिता येत नसेल तर एखादी खूण घाला, दरवेळी तीच. यादीत ती खूणही लिहा. फोन असेल तर फोटो काढून माहेरी पाठवून ठेवा.

चळवळीतल्या माझ्या काही मैत्रिणींना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. आम्ही पूर्वी सभांमधून म्हणत होतो, सुई-दोरा टाका, बाहेर पडा. मीही म्हटलं आहे. बाईला घरात जखडून ठेवण्यात शिवण-टिपणाचाही वाटा आहेच, हे मी आजही मानते. पण त्या बाईला मी जेव्हा म्हणाले ‘त्याला काय किंमत’, तेव्हा मी तिच्या नवऱ्याच्याच बाजूला जाऊन बसले होते. काम लादलेलं असतं म्हणून त्यातून झालेली वस्तू फुकट ठरत नाही. आता दुसऱ्या टोकाचे लोकही येतात. शहरातून गाडी घेऊन येतात, जुनी वाकळ हातात घेऊन ‘वा, काय कला आहे’ म्हणतात आणि मिठाई घ्यावी तशा भावात घेऊन जातात. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा बचत गटांना कापडी पिशव्या शिवायचं काम मिळू लागलं. चांगलंच झालं. पण नगावर भाव ठरवताना तुमचे तास कुणी विचारले का? विकायचं की द्यायचं, ते तुम्ही ठरवा. वाकळ लेकीला द्याल, भाचीला द्याल, शेजारणीला द्याल. देणं हासुद्धा हक्क आहे, फक्त ज्याची वस्तू त्यालाच ती देता येते. घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरून ओढून घेतली तर तिला भेट म्हणत नाहीत.

त्या बाईचं पुढं काय झालं, ते विचाराल. आम्ही सात वाकळा अर्जात लिहिल्या. समोरच्या बाजूचे लोकही हसले. तारखा पडल्या, पुष्कळ पडल्या. डोरलं मिळालं नाही, मोडून खाल्लं होतं. कपाट मिळालं. वाकळा पाच आल्या. त्यांतली एक गोठ्यात अंथरलेली होती, शेणानं कडक झालेली. तिनं ती उसवली, मधले कुजलेले थर काढले आणि पुन्हा शिवली. मायच्या लुगड्याची जी होती ती आली नाही. यादीत तिच्यापुढं तिनं मला तसं लिहायला लावलं: ‘येणे बाकी’.

आज आम्ही कोरे कागद आणले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ या शाळेच्या मुली बसतील, तुम्ही सांगा, त्या लिहितील. चहा झाला की सुरुवात करू. आणि ती माझी पिशवी कुणाकडे आहे? हं, परत द्या बरं.