पदकाच्या कडेवरचं नाव

सातारा जिल्ह्यातल्या वडूज, खटाव, दहिवडी या कोरडवाहू मुलखातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत भरती होत आली. त्यांच्या घरच्या पेट्यांतली जुनी चांदीची पदकं अडीनडीला सराफाकडे मोडीत जातात. माझं म्हणणं असं, की साध्या शिपायाच्या नोकरीचा लेखी पुरावा अनेकदा तेवढाच उरलेला असतो. तो वितळवणं चांदीच्या भावात परवडणारं नाही.

दीर्घ सेवा आणि सद्वर्तनाचं पदक ब्रिटिश सैन्यात १८३० साली सुरू झालं. हिंदी शिपायांसाठी तसं पदक निघालं १८८८ मध्ये. त्यासाठी वीस वर्षांची निष्कलंक नोकरी लागे. पदक घडवताना चांदीच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या, मग पोलादी ठशांच्या जोडीत दाबून दोन्ही बाजूंना छाप उठवायची. नंतर फीत अडकवण्याची कडी जोडली जाई आणि शेवटी कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवली जाई.

कुणी म्हणेल, एकाच ठशाची हजारो पदकं, त्यांत एकाचं मोल ते काय? ठसा एक असला तरी कड प्रत्येकाची वेगळी असते. कडेवर ११० वी मराठा पलटण असेल, तर शोध पहिल्या महायुद्धात इराकमध्ये पडलेल्या कूटच्या वेढ्याकडे वळतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडलं. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री असं असेल, तर पदक १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचं. पहिल्या महायुद्धाचं, एरवी चांदीचं असणारं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ ब्राँझचं निघालं, तर ते बहुधा मजूर तुकडीतल्या माणसाचं. इतिहासाच्या पुस्तकात ज्याचं नाव आलं नाही, त्याचा माग असा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच वडुजात ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी स्वातंत्र्यलढ्यात त्याच ब्रिटिश सरकारच्या गोळ्यांना बळी पडले. मग त्या सरकारचं पदक का जपायचं? कारण छाप राजाची असली तरी कष्टाची वर्षं आपल्या माणसाची आहेत. हुतात्म्यांचा मान त्यानं कमी होत नाही. या मुलखाचा इतिहास पुरा होतो.

म्हणून विनंती अशी: घरात पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, त्यानं कडेवरची अक्षरं झिजतात. अक्षरं भिंगातून वाचा, वहीत उतरवा, फोटो काढा आणि ती माहिती पुढच्या पिढीच्या हाती द्या.