उत्तरायुष्यातील अश्वविद्या



घोडेस्वारी ही तरुणांची विद्या होय, असा समज समाजात रूढ आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने रिकिबीत पाय ठेवला तर घरच्यांना काळजी वाटते. त्याने घोडेस्वारीचा शिक्षक होण्याची इच्छा बोलून दाखविली तर ती हसण्यावारी नेली जाते. ही काळजी सर्वस्वी निराधार नाही. वयाबरोबर कमरेचा लवचिकपणा घटतो, हाडे ठिसूळ होतात आणि एकदा पडल्याची किंमत महिनोन्महिने मोजावी लागते. तथापि तेवढ्यावरून या विद्येचे दार बंद करणे योग्य ठरणार नाही.

जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वार म्हणून उतरले होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जर्मनीत जाऊन सराव केला आणि २०१२ साली लंडन येथे, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते पुन्हा ऑलिंपिकच्या मैदानात होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय १९४४ साली पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना इतरांची मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळविले. शरीराची मर्यादा म्हणजे विद्येची मर्यादा नव्हे, हे या उदाहरणांवरून दिसते.

मात्र उत्तम स्वार हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. बालपणापासून घोड्यावर बसणाऱ्यास आपला तोल केव्हा साधला हे आठवत नाही. उशिरा शिकणाऱ्यास प्रत्येक पायरी व प्रत्येक वेळची भीती आठवते. घाबरलेल्या मुलाला धीर देताना हीच आठवण कामी येते.

या शिक्षणाचा प्रारंभ खोगिरावर नव्हे, तबेल्यात होतो. खरारा करणे, खूर साफ करणे, दाणावैरणीचे प्रमाण सांभाळणे ही कामे प्रथम हातात बसावी लागतात. घोड्याला ओकारी होत नाही, म्हणून साधा वाटणारा पोटशूळही त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याला थेट पाठीमागचे दिसत नाही, म्हणून मागून अचानक जाणारा माणूस लाथ ओढवून घेतो. त्यानंतर बैठक येते. कान, खांदा, कंबर व टाच एका उभ्या रेषेत राखण्याचा अभ्यास लांब दोरीवर वर्तुळात फिरणाऱ्या घोड्यावर करावा, म्हणजे लगामाची चिंता राहत नाही. दुडकी अंगवळणी पडल्याखेरीज दौडीची घाई करू नये. शेवटी येते ते शिकविणे : तंग पुन्हा तपासणे, शिरस्त्राणाचा पट्टा पाहणे, सूचना थोडक्यात देणे आणि कोणता घोडा कोणत्या विद्यार्थ्यास द्यावा हे ठरविणे.

या शिक्षणाकडे येणारी प्रौढ माणसे सामान्यतः दोन प्रकारची असतात. निवृत्त शिक्षकाला शिकविता येते, पण घोडा कळत नाही. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणच्या अश्वपालाला घोडा कळतो, पण आपले ज्ञान पायरीपायरीने मांडण्याची सवय नसते. प्रत्येकाला अर्धी विद्या नव्याने मिळवावयाची असते. पहिल्याने मोतद्दाराच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा मानू नये. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाला, केवळ प्रमाणपत्र नाही म्हणून, कोणी कमी लेखू नये.

गावात वा शाळेत असा उपक्रम योजणाऱ्यांनी उमेदवाराचे वय विचारण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी, आणि त्याचा घोडा त्याच्याजवळ शांत उभा राहतो की नाही, हे स्वतः तबेल्यात जाऊन पाहावे. विद्यार्थ्याची सुरक्षितता आणि त्या मुक्या जनावराचे हित ज्याच्या हाती निर्धोक राहते, त्याच्या पिकल्या केसांची अडचण वाटण्याचे कारण नाही.