सज्ञान विद्यार्थी कोणाचा आश्रित?

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांच्या परिसंवादातील भाषण)



शिष्यवृत्तीच्या अर्जात उत्पन्नाचा एक रकाना असतो. त्यातील रक्कम आपण काळजीपूर्वक तपासतो; ते उत्पन्न कोणाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. आज त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आणू. सव्वीस वर्षांचा एक तरुण आहे. वडील नोकरीत आहेत, पण बापलेकांचा संबंध तुटून काही वर्षे लोटली. मुलगा कारखान्यात काम करून स्वतःचे पोट भरतो आणि राहिलेले शिक्षण पुरे करू पाहतो. दुसरी सत्तावीस वर्षांची परित्यक्ता आहे. घटस्फोट झालेला नाही आणि पती नांदवीत नाही. माहेरी राहून, मोलमजुरी करून ती महाविद्यालयाची पायरी चढू इच्छिते. या दोघांच्या अर्जावर उत्पन्न कोणाचे लिहावयाचे?

कायद्याने ही दोघेही सज्ञान आहेत. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठरा वर्षे ही मर्यादा ठरविली. मतदानाचे वयही १९८९ पासून एकवीसवरून अठरावर आले. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार मुलाला पोसण्याची आईवडिलांवरील जबाबदारी तो अज्ञान असेपर्यंतच असते; स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीपुरती ती पुढेही चालते. म्हणजे ज्या पित्याला कायदा मुलाचा खर्च करावयास लावू शकत नाही, त्याच पित्याच्या पगारामुळे मुलाची शिष्यवृत्ती अडते.

यात शासनाचा हेतू वाईट नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत दीर्घकाळ अशी टीप राहिली आहे की, आईवडिलांपैकी कोणीही हयात असेपर्यंत केवळ त्यांचेच उत्पन्न धरावे. घरातील इतर माणसे कमावती असली तरी त्यांचे धरू नये. विवाहित व बेरोजगार विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरावे. एकत्र कुटुंबातील भावाच्या किंवा काकाच्या कमाईमुळे गरीब मुलाची संधी जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. ती योग्यच होती. पण हयात असणे आणि सांभाळ करणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा पेच केवळ आपल्यापुढे नाही. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी सरकारी अर्थसाहाय्य १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यान्वये दिले जाते. तेथेही विद्यार्थी ‘आश्रित’ की ‘स्वतंत्र’ हे आधी ठरते, आणि त्यावर पालकांचे उत्पन्न धरावयाचे की नाही हे अवलंबून असते. अठरा वर्षे पूर्ण होणे तेथे पुरेसे नाही. १९८६ च्या दुरुस्तीने चोवीस वर्षांची मर्यादा घातली. त्यापूर्वीही विवाहित, पदव्युत्तर वर्गातील, माजी सैनिक, स्वतःच्या मुलांचा सांभाळ करणारे किंवा आईवडिलांचे छत्र हरपलेले विद्यार्थी स्वतंत्र मानले जातात. आपल्या उदाहरणातील तरुण तेथे वयामुळेच स्वतंत्र ठरला असता. परित्यक्तेच्या अर्जात विभक्त पतीचे उत्पन्न धरले गेले नसते.

तेथील एक कडक नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. पालक खर्च करावयास तयार नाहीत, एवढ्यावरून चोवीसच्या आतील विद्यार्थी स्वतंत्र ठरत नाही. कारण उघड आहे. तसे केले तर सधन कुटुंबेही मुलाला कागदोपत्री विभक्त दाखवतील. रेशनकार्डे वेगळी करून लाभ घेण्याचे प्रकार आपल्याला अपरिचित नाहीत. मात्र छळामुळे घर सोडावे लागले, पालकांनी टाकून दिले किंवा ते तुरुंगात आहेत, अशा अपवादात्मक प्रसंगी महाविद्यालयाचा अर्थसाहाय्य अधिकारी पुरावे पाहून, प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून निर्णय देऊ शकतो. २०२४-२५ पासून अशा विद्यार्थ्याला पालकांच्या माहितीवाचून अर्ज भरता येतो. प्रवेशानंतर साठ दिवसांच्या आत निर्णय द्यावा लागतो, आणि परिस्थिती न बदलल्यास त्याच संस्थेत तो पुढील वर्षांनाही लागू राहतो. आपले दुःख दरवर्षी नव्याने सिद्ध करण्याची पाळी विद्यार्थ्यावर येत नाही.

अमेरिकेतील शुल्क आणि तेथील कुटुंबव्यवस्था आपल्यासारखी नाही. तेव्हा तेथील नियम जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. पण त्यातील तीन तत्त्वे घेण्याजोगी आहेत. पहिले, ठराविक वयानंतर स्वतः कमावून शिकणाऱ्याचे स्वतःचेच उत्पन्न पाहावे. दुसरे, त्या वयाच्या आत अपवाद असावा, पण तो चौकशीनंतर व कारणे नोंदवून दिलेला असावा. तिसरे, निर्णयाला मुदत असावी. कारण परीक्षा उलटल्यावर मिळालेला न्याय विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.

नियम बदलणे शासनाच्या हाती आहे; परंतु वस्तुस्थिती सांगणे आपल्या हाती आहे. गावातील कोणती मुलगी नांदत नाही, कोणता मुलगा कोणाच्या आधारावाचून राहतो, हे ग्रामपंचायत सदस्याला ठाऊक असते. वर्गात कोण उपाशी येतो, हे शिक्षकाला दिसते. तलाठ्याच्या चौकशीत ही माहिती निःपक्षपातीपणे नोंदली गेली, तर वरिष्ठांपुढे केवळ आकडा जाणार नाही, त्यामागची परिस्थितीही जाईल. मात्र ओळखीपोटी खोटी साक्ष देऊ नये. एका खोट्या दाखल्यामुळे दहा खऱ्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते.

उशिरा शिकावयास आलेला माणूस पुष्कळ अडथळे ओलांडून आलेला असतो. त्याचा अर्ज परत करण्यापूर्वी ‘याचा सांभाळ खरोखर कोण करतो?’ एवढे एकदा विचारावे, ही माझी आपणांस विनंती आहे.