आकडे आपले, अभ्यासकही आपले हवेत



विद्यापीठांतील संशोधनाला मिळणारा पैसा हा विषय आपल्या संघाच्या सभेत कशाला, असे काहींना वाटेल. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांवर बोलावे, असेही कोणी म्हणेल. परंतु योजना आखल्या जातात त्या अभ्यासाच्या आधारे. त्या अभ्यासाला पैसा कोण देतो आणि त्यातले प्रश्न कोण ठरवतो, यावर आपली शिष्यवृत्ती आणि वसतिगृहही शेवटी अवलंबून असते.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची वाढली, आपली घटली. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कर्ता पुरुष मुंबईला आणि घर-शेती बाईच्या अंगावर, हे चाकरमान्यांच्या जिल्ह्याला सांगायला नको. पण कोणती वाडी आधी रिकामी होते, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आजारपणाचे काय होते, याचे उत्तर एकट्या अर्थशास्त्राकडे नाही, भूगोलाकडे नाही आणि वैद्यकाकडेही नाही. त्यासाठी जनगणना, शाळांचे पट, दवाखान्यातील नोंदी, पावसाची मोजमापे एकत्र मांडावी लागतात. ही मांडणी आता संगणक करतो. मात्र कोणती नोंद कोणत्या नोंदीशेजारी ठेवायची, हे वाडी ठाऊक असलेल्यालाच सुचते. अशा अभ्यासाला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात.

नाव नवे असले तरी वाट बाबासाहेबांनी चाललेली आहे. कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, पण ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांची कोष्टके तपासली आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा समज त्या आकड्यांवर टिकत नाही, असे दाखवून दिले. आकडे इतरांनी जमवलेले होते, प्रश्न बाबासाहेबांचा होता.

दुसरे उदाहरण गोव्याचे. पालीचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी हे गणिती. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, हे ध्यानात घेऊन त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली आणि संख्याशास्त्राने इतिहासाचा माग काढला. मी बँकेत रोखीच्या खिडकीवर बसतो. फिरून फिरून मऊ झालेली नोट बोटांना लगेच कळते. त्यातून शास्त्र उभे करायला मात्र गणित आणि इतिहास एकाच डोक्यात नांदावे लागतात.

बाबासाहेबांना अमेरिकेची शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे सयाजीराव महाराजच धर्मानंदांनाही दरमहा ५० रुपये देत होते. महाराजांनी माणूस ओळखून पैसा दिला.

आज पैसा कुठे जातो? डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने आंतरविद्याशाखीय सायबर-भौतिक प्रणालींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यासाठी ३,६६० कोटी रुपये ठरले आणि देशभर २५ केंद्रे उभी राहिली, ती प्रामुख्याने आयआयटीसारख्या नामांकित संस्थांत. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज मांडला गेला, त्यात सरकारचा वाटा १४,००० कोटी. विज्ञान-तंत्रज्ञानाशी जोडलेल्या मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांनाही या कायद्यात जागा आहे. दार उघडे आहे, पण आत जायला आपली मुले तयार हवीत.

ही घाई का, तेही सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. पुढील जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर झाला. सर्व जातींची अशी गणना १९३१ नंतर जनगणनेत झालेली नाही. आकड्यांचा ढीग पडेल. तो वाचणाऱ्यांत आपले कोणी नसेल, तर आपल्याविषयीचे निष्कर्ष आपल्याला वर्तमानपत्रातून कळतील.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरासारख्या ठिकाणी अशा संशोधनासाठी लहान लहान अनुदाने मिळावीत, ही मागणी संघाने लेखी करावी. दुसरी, अनुदान यंत्रखरेदीतच संपू नये. संशोधक विद्यार्थ्याचे विद्यावेतन दरमहा वेळेवर मिळावे, कारण हप्ता थकला की गरिबाचे मूल आधी अभ्यास सोडते. तिसरी, खातेदाराची माहिती बँक जशी गुप्त ठेवते, तशीच गावकऱ्यांची नावे आणि आजार संशोधकांनी गुप्त ठेवावेत. चौथी सूचना आपल्यासाठी आहे. विहारात रविवारी दोन तास संख्याशास्त्राचा आणि संगणकाचा वर्ग सुरू करावा आणि त्यात कला शाखेच्या मुला-मुलींना आवर्जून बसवावे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. आकडेमोड आपली नव्हे, असे आमच्या मुलांना फार लवकर वाटू लागते.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्याविषयी मांडलेला प्रत्येक आकडा तपासता येणारी पिढी आपल्या विहारातून घडो, एवढी मंगल कामना व्यक्त करून मी माझे चार शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!