मुलांच्या चुका : निदान आणि उपाय



शिक्षकाने ‘पंचवीस’ म्हटले आणि मुलाने ५२ लिहिले, की वहीवर लाल फुली पडते. अशा फुल्या वाढत गेल्या म्हणजे मूल ‘कच्चे’ ठरते आणि कालांतराने स्वतःलाही तसेच समजू लागते. वास्तविक त्याने लक्षपूर्वक ऐकलेले असते. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, म्हणून ३९ लिहिले जाते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा बराच वाद झाला. तथापि, त्यामागील अडचण खरीच आहे.

वजाबाकीचेही तसेच. ५२ मधून २७ वजा करून मूल ३५ लिहिते. ४३ वजा १८ याचेही उत्तर ३५ आणि ६१ वजा ३४ याचे ३३ आले, तर ती केवळ नजरचूक नव्हे. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असा नियम मुलाने मनाशी बांधलेला असतो. तो एका उदाहरणावरून कळत नाही. चार-पाच उदाहरणे देऊन ‘हे कसे केलेस?’ असे प्रेमाने विचारावे लागते. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या पुढे ठेवाव्यात. सात काड्या देण्यासाठी मूल स्वतःच एक गठ्ठा सोडते आणि ‘हातचा’ या शब्दाचा अर्थ त्याला उमगतो.

प्रत्येक अडचण अशी सुटत नाही. प्रथम दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. घरची भाषा गोंडी, भिली वा कोरकू असल्यास तिचा आधार घ्यावा. पुरेसे अध्यापन होऊनही वाचनलेखन साधत नसेल, तर मुलास तज्ज्ञांकडे पाठवावे. शिक्षकाने स्वतः शिक्का मारू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून गरजेनुसार जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी त्यास वेळ मिळावा, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेत टिकावीत, हे पंचायतीने पाहावे. चुकीचे कारण वेळीच सापडले, तर ‘कच्चे’ ठरलेले मूलही आत्मविश्वासाने पुढील इयत्तेत जाईल.